आईच्या जागेवर

तांबा, ३ नोव्हेंबर

ती. सुमियेताईस किनुएचा सा. न. वि. वि.

कॅम्परमधल्या टीचभर टेबलावर लिहितेय, अक्षराला हसू नकोस. निवृत्त झाल्यापासून यांना गवती छपराच्या घरांचं वेडच लागलंय. घर दिसलं की गाडी थांबलीच! परवा एका आजीबाईंनी चुलीपाशी बसवून मुळ्याचं लोणचं वाढलं. आई आठवली नि मला घास उतरेना.

रविवारी आपल्याच घरी जाणार आहे, तिकीट काढून. धुराने खोकला वाढतो म्हणत दादाने आईला वृद्धाश्रमात टाकलं आणि ती जिवंत असतानाच घर पर्यटकांना खुलं केलं. मी त्याला सोडणार नाही. तोवर मुक्काम इथल्याच गाड्यांच्या तळावर.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी किनुए

माइझुरु, ६ नोव्हेंबर

चि. किनुएस अनेक आशीर्वाद.

चारचौघांत तमाशा नको. बाबांच्या माघारी छप्पर दादानेच शाकारलं, हेही खरं. घर बघ, आईच्या फोटोला नमस्कार कर नि माघारी फीर. लहानपणी तू त्याला चावायचीस, म्हणून बजावते. थंडीत दोघं सांभाळा आणि माझी आठवण असू द्या.

सुमिये

तांबा, १० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं ऐकायचं ठरवूनच गेले होते. टोपी नि मास्कमुळे दादाने ओळखलं नाही. चुलीशेजारची आईची गादी दाखवून तो पाहुण्यांना सांगत होता, की आईने इथेच, त्याच्या मांडीवर प्राण सोडला. एक बाई डोळे पुसायला लागली. माझं डोकंच फिरलं. सरळ त्या गादीवर जाऊन बसले. उठा म्हणाला, तेव्हा मास्क काढला. आई कुठे वारली ते खरं सांग, मग उठते, म्हटलं. आधी हसण्यावारी न्यायला लागला. शेवटी सगळ्यांसमोर वृद्धाश्रमाचं नाव त्याच्या तोंडून वदवलंच. पाहुणे बूट घालून निघून गेले. दादा रडला.

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. बाहेर येऊन पोटभर जेवले. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे.

तुला कधी बोलले नव्हते, पण शेवटपर्यंत आई माझा हात ओढून घरी ने म्हणायची. तुझंही नाव घ्यायची. रागावलीस तरी माया ठेव.

किनुए

माइझुरु, १३ नोव्हेंबर

चि. किनुएस आशीर्वाद.

दादाचा फोन आला होता. किनुएला आवर म्हणून गयावया करत होता. आई आता कुणालाच ओळखत नाही, येऊन काय करशील, असं मला तोच सांगायचा; म्हणून मी गेले नाही. खोटं का बोललास, विचारलं. तू आली असतीस तर तिला घरी घेऊन आली असतीस, म्हणाला.

मी फोन ठेवला. शनिवारी पोचते. गाडीत मला झोपायला जागा करा. रविवारी त्याच्या दारात आधी मी शिरणार. तू मागून ये, आणि मला आवरायला जाऊ नकोस.

तुझी ताई