खदानीतला उतार

ती. भागवतकाका यांस,

तांड्यावरचे लोक चिडल्याचं कळताच फोनवर तुम्ही म्हणालात, "तांड्यावर तूच जाय. तुह्यं आयकतात थे." ऐकत होते, काका. मानोऱ्याजवळची ही खदान सुरू करताना तांड्याचे नायक बाबूसिंग यांना मीच शब्द दिला होता, की एका बाजूचा उतार कधीही फोडणार नाही. खड्ड्यात पाणी साचतं. गुरं आणि रानातल्या नीलगायी, आपल्या रोही, तिथं प्यायला उतरतात. त्यांना खाली-वर करायला तेवढीच वाट होती.

मी आजारी पडलो आणि तुम्ही उतार फोडून गिट्टी केली. दगड चांगला निघाला म्हणे.

काल एक रोही सवयीनं जुन्या वाटेनं आली आणि सरळ पाण्यात पडली. कड्याला खूर घासून घासून बुडाली. बाबूसिंग मला म्हणाले, "आमी तुह्यं तोंड पाहून हो म्हटलं होतं. थे मुकं जनावरबी तुह्याच भरवशावर आलं."

उद्या मी तुमच्याच मशीननं मुरूम टाकून उतार पुन्हा बांधतो. मग मशीनची चावी तुमची. तांड्यावर जाणार नाही. तिथं द्यायला माझ्याजवळ शब्द उरला नाही.

हे पत्र टाकत नाही. वाचून तुम्ही एवढंच विचाराल, "डिझेल कोणाचं जाळलं?"

तुमचाच पुतण्या,
सुदाम