पाठीमागचा वारा

प्रिय ताई,
तुला आणि आईला नमस्कार.

मी मजेत आहे. आमच्या लाँड्रीतल्या सुपरवायझरबाईंनी शंभर किलोमीटरच्या सायकल फेरीत माझं नाव घातलंय. कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे कधी सायकल न नेलेली मी, आता सुटीच्या दिवशी सराव करते! बूड इतकं दुखतं, की इस्त्री उभ्यानेच करायची असते ते बरं. आईचा गुडघा कसा आहे?

यापुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

काल नदीकाठच्या रस्त्याने सायकल नुसती पळत होती. बाई म्हणाल्या होत्या, "अर्धा दम उरला की मागे वळ." मला दम लागेचना, म्हणून हरखून पुढेच जात राहिले. वळले तेव्हा कळलं, इतका वेळ वारा ढकलत होता. आता तोच तोंडावर. पायांत गोळे आले. शेवटी सायकल हातात धरून रडत चालले.

घरातून निघाले तेव्हाही असंच वाटलं होतं गं, सगळं माझ्याच बळावर चाललंय.

परत कधी येतेस, असं तू दर पत्रात विचारतेस. ताई, मी वळायला फार उशीर केला. आता बळच उरलं नाही.

आईला सांग, सायकल छान जमतेय.

तुझी,
धाकटी