नुसतं वाजवून ठेव

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा षडंग नमस्कार. साष्टांगातले दोन्ही गुडघे संपावर असल्याने वजा केले आहेत.

इकडे सारं ठीक. छापखाना चालू आहे. ऑपरेटर चुका करतो, मी त्या शोधतो, तो पुन्हा करतो; दोघांचंही पोट भरतं.

आपला फोनही जिवंत आहे. तू दोघांसाठी जोडीने घेतलास, तोच. मी त्याला कौतुकाने ‘भ्रमणध्वनी’ म्हणायचो, पण बिचारा खिडकीचा कट्टा सोडत नाही. रेंज तेवढ्या वीतभर जागेतच येते. पाठीला रबरबँड, आकडे झिजून गुळगुळीत. दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, याला आता मोबाइल नका म्हणू, ठेव म्हणा.” म्हटलं, “ठेवच आहे. बहिणीची.”

घेतला त्याच दिवशी तू कायदा केलास : “दिवे लागले की एक रिंग द्यायची. नुसतं वाजवून ठेव. रिंग आली म्हणजे माणूस ठीक. उचलायचा नाही. तू बोलायला लागलास की थांबत नाहीस.” इतकी वर्षं पाळला. तुझी रिंग आली की माझी जायची. भावोजी गेले त्या आठवड्यातही चुकली नाही. पुढे माझा प्रवास बंद झाला, तुझी पत्रं आटली. मी म्हटलं, आळशी झाली बाई! रिंग येतेय ना, मग ठीकच असणार. त्यापलीकडे माझी अक्कल गेलीच नाही.

मंगळवारी कायदा मोडला.

त्याचं असं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधली नजर जाणार, कडेचं तेवढं दिसेल. म्हणजे पानाचा समास दिसेल, मजकूर नाही. मुद्रितशोधकाला याहून छान निरोप समारंभ कुठला? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. घरी येऊन कट्ट्यापाशी बसलो. हे एकाच माणसाला सांगायचं होतं. रिंग आली आणि मी उचलला.

“ताई, ठेवू नकोस गं—”

“अहो, उचललात कशाला?” आवाज अनोळखी. “रोज नुसतं वाजवून ठेवायचं असतं. दादांनी सांगितलंय तसं.”

“कोण दादा?”

“आजींचा मुलगा. मी आजींना सांभाळते. वर्ष झालं, रिंग मीच देते की.”

“आणि ताई?”

“आहेत ना, इथेच बसल्यात. जेवतात, झोपतात. ओळखत नाहीत हो कुणाला.”

म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लावा. त्यांनी लावला. “ताई, मी धाकटा.”

दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशी, अगदी अदबीने, तू म्हणालीस, “कोण हवंय आपल्याला? घरात कोणी नाहीये.”

जन्मभर मला गाढव म्हणालीस, ताई. ‘आपल्याला’ कधीच नाही.

डोळ्यांचं सांगायचं राहिलं. ते वर लिहिलं आहे.

तुझ्या लेकाचा दुसऱ्या दिवशी फोन आला. “मामा, तेवढ्या रिंगने तुम्हाला धीर यायचा, म्हणून...” रागावणार कसा? येत होता धीर. त्या बाईंना निरोप दिला, आता रिंग नको. काल दिवे लागले. तरी कट्ट्यापाशी जाऊन बसलो. काही वाजलं नाही. माझी रिंग द्यायला अंगठा उचलला आणि कळेना, कुणाला द्यायची.

बाई, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार. ओळी एकमेकींवर चढल्यात, सांभाळून घ्या. मध्येच ती “कोण हा?” म्हणाली तर समजावत बसू नका, आणि थांबूही नका. कुणाचं तरी पत्र आलंय, एवढं तिला कळलं तरी पुष्कळ.

ताई, उत्तराची वाट पाहत नाही. आलंच, तर तेव्हा मलाही ते वाचून दाखवायला कुणाला तरी बोलवावं लागेल. कुणाला, ते अजून सुचलेलं नाही.

अजूनही तुझाच,
धाकटा