फक्त आठ पेपरांपुरती

प्रिय आई,

फोनवर माझा आवाज ऐकला की 'काम आहे' म्हणून तू ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. तू सातवीपर्यंत शिकलेली आहेस. सावकाश वाच, मग बाबांना सांग.

मी दहावी पास झाले. अठ्ठावन्न टक्के. निकाल लागून तीन आठवडे झाले, तिथे आंजीत तुला कोणी ना कोणी सांगितलंच असेल. तुझा फोन येईल म्हणून दोन दिवस मी मोबाइलजवळून हलले नाही. नाही आला.

नववीत मी वर्गात तिसरी आले, त्या दिवशी घरात मला बघायला पाहुणे बसले होते. एसटी स्टँडवर एका मुलाशी बोलताना मी कोणाला तरी दिसले, एवढ्यावर तुम्ही मला सोळाव्या वर्षी गिरडजवळच्या या गावात देऊन टाकलंत. सतराव्या वर्षी रिद्धी माझ्या मांडीवर होती.

अंगणवाडीच्या मीराबाई तिचं वजन करायला यायच्या. शाळेत न जाताही सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, हे त्यांनीच सांगितलं. तुमचा जावई कैलास हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातो आणि घरातलं सगळं त्याच्या आईवर सोपवतो. सासूबाई मात्र कडाडल्या, "सून पुस्तक घेऊन बसन, अन् पोरगी मी वागवू?" मीराबाई तरीही येत राहिल्या. तिसऱ्या खेपेला सासूबाई चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाल्या, "मले पंधराव्या वर्षी पयलं पोरगं झालं. चाळीस दिवस जगलं. तुले काय पाह्यजे, असं मले कोनी कधी इचारलं नाई." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भर तो फारम."

फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो तुझ्याकडे होता. घ्यायला मी आले, तर तू दारातच म्हणालीस, "आता का कलेक्टर होतं का तू? संसार कर." शेवटी रिद्धीला कडेवर घेऊन शाळेच्या दोन फेऱ्या मारल्या आणि दुसरा दाखला काढला. मार्चमध्ये तुला फोनवर विनवलं, फक्त आठ पेपरांपुरती रिद्धीला ठेवशील का? "दिल्या घरी पाहून घे. लोक हासतीन," म्हणालीस.

सासूबाईंनी ठेवलं. समुद्रपूरच्या केंद्राबाहेर त्या रोज कडुलिंबाखाली तिला घेऊन बसायच्या. गणिताच्या पेपरला ती रडायला लागली. खिडकीतून तिचा आवाज येत होता. मला पान्हा फुटला, कुर्ता ओला झाला. पर्यवेक्षक पुरुष होते. डाव्या हाताने ओढणी छातीशी धरून मी उजव्या हाताने त्रिकोण काढत राहिले. गणितात अडतीस पडले, आई. गणितात माझे कधी ऐंशीच्या खाली गेले नव्हते. ते मनाला लागलं, आणि ते सांगायला मला तूच हवी होतीस.

काल काकांच्या चंदनदादाचा फोन आला. आपल्या रुचिकाचं लग्न ठरलं म्हणे, येत्या रविवारी, शाळा उघडायच्या आधीच. ती सोळाची आहे. नुकतीच नववी झाली तिची. मला, तिच्या सख्ख्या बहिणीला, तुम्ही कळवलंही नाही. दादाने तिच्या हाती फोन दिला, तर तिने एवढंच विचारलं, "ताई, तुले लय दुखलं होतं काय?" कशाबद्दल विचारते आहे, ते मला कळलं नाही. मी हो म्हणाले.

तिचा फोन ठेवला आणि मुलांच्या मदतीचा एक हजार अठ्ठ्याण्णव नंबर लावून या लग्नाची तक्रार केली. गाव सांगितलं, तारीख सांगितली. मुलीच्या वडिलांचं नाव विचारलं, तेव्हा बाबांचं नाव मीच सांगितलं, 'रूपराव'. तक्रार करणाऱ्याचं नाव ते गुप्त ठेवतात. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर ग्रामसेवक आणि पोलीस घरी येऊन गेले असतील, आणि तू शेजारच्या एकेकीवर संशय घेत असशील. तो घेऊ नकोस. ते मी केलं. मला माहेरचं दार बंद केलंस तरी चालेल, पण रुचिकाला सव्वीस तारखेला शाळेत पाठव. नाही पाठवलंस, तर मी पुन्हा फोन करीन.

तुझीच थोरली,
वर्षाली