पान्हा चोरणाऱ्या गायी

७ जानेवारी, सकाळी सहा
आजपासून प्रयोग सुरू. गायींचे दोन गट. एकाला मी तयार केलेलं आंबोण, म्हणजे पेंड-भरड्याचं खाद्य, दुसऱ्याला नेहमीचं. धारा काढायचं पार्लर तेच, यंत्र तेच, धार काढणारा गवळीही तोच. फरक फक्त आंबोणाचा. (आणि माझ्या देखरेखीचा. पण ते पेपरात लिहायची गरज नाही.)
संकल्प: माझ्या गटाच्या प्रत्येक धारेला जातीने हजर राहणे. अख्ख्या विद्यापीठात गोठ्यात पाय टाकणारा प्राध्यापक मी एकटाच. विभागप्रमुख बाई एप्रिलात निवृत्त होतायत. पुढचं मी सांगायला नको.
बायकोला म्हटलं, आजपासून रोज सकाळी गायींसोबत असेन. ती म्हणाली, "बिचाऱ्या." प्रमुखबाईंबद्दल म्हणाली असावी.

९ जानेवारी
गायी मला मानतात. मी शेडमध्ये शिरलो की बसलेल्या उठतात आणि मागे सरून वाट करून देतात. गवळी आला तर बसल्या जागी रवंथ चालू. दरारा म्हणतात तो हा.
चौदा नंबर जरा आडमुठी आहे. पार्लरच्या दारात थबकते. शेपटीला हलकासा पीळ दिला. लगेच समजलं तिला. प्राण्यांशी संवाद हवा.

१८ जानेवारी
पहिले आकडे आले. माझ्या गटाचं दूध कमी. तात्पुरतं असतं असं.
गवळ्याला खडसावलं. तो म्हणतो, "गायी पान्हा चोरतायत, साहेब. दूध सोडतच नाहीत." स्वतःच्या चुकीचं खापर गायींवर! रेडिओ लावून धारा काढतो. रेडिओ बंद करायला लावला. आता पार्लरमध्ये फक्त यंत्राचा आणि माझा आवाज.
शिष्येला नवीन तक्ता करायला सांगितला. शिष्या म्हणजे माझी पीएचडीची विद्यार्थिनी. थिसिस कधीचा माझ्या टेबलावर आहे. वाचला की ती पदवी घेऊन जाणार. मग रोजचे आकडे कोण घेणार? सवडीने वाचेन.

२ फेब्रुवारी
माझ्या गटात कासदाह. तीन गायींची कास सुजून दगड झाली आहे. शिष्या म्हणाली, दूध कासेत अडकून राहिलं की होतं. मला शिकवते!
कारण उघड आहे. गवळ्याचे हात घाण. प्रमुखबाईंना लेखी कळवलं, त्याची बागेत बदली करून घेतली. जाताना तो गायींच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि चौदा नंबर त्याची बाही चाटत होती. गाय शेवटी गायच. माणसाची पारख नाही.

१० फेब्रुवारी
नवा माणूस फक्त यंत्र लावतो. गायी आत हाकायचं काम मीच घेतलं. सोबत छडी असते, पण निव्वळ दिशा दाखवायला.
दूध आणखी घसरलं. जुन्या माणसाचे संस्कार इतक्या लवकर जात नाहीत.

१५ फेब्रुवारी
बायको बहिणीकडे राहायला गेली, थोडे दिवस. कुत्र्यालाही घेऊन गेली. त्यालाही हवापालट हवाच होता. घर शांत. आता थिसिस वाचायला घेणार.

२१ फेब्रुवारी
चार दिवस तापाने अंथरुणात. पण काय बातमी! या चार दिवसांत माझ्या गटाचं दूध भराभर वर. आंबोण लागू पडलं! ताप अंगात असतानाच पेपराचं शीर्षक लिहून काढलं.

२२ फेब्रुवारी
आज रुजू झालो. दूध परत खाली. हवेत दमटपणा फार.
शिष्या ग्राफ घेऊन आली. चाचरत म्हणाली, "सर, हा आंबोणाचा नाही, माणसाचा परिणाम वाटतोय. गायी कुणाला तरी घाबरतायत."
मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, मी दुसरं काय सांगत होतो? गवळी! रीतसर सिद्ध कर. एक दिवस बागेतून त्याला आणून पार्लरजवळ उभा कर, एक दिवस मला. वाईट माणूस तो, चांगला माणूस मी. दूध मोज, गायींच्या हृदयाचे ठोके मोज, कॅमेरे लाव.
तिने विचारलं, "सर, नक्की?"
"लेखी देतो," म्हटलं. दिलं. प्रमुखबाईंनी त्याच दिवशी मंजूर केलं. या विभागात आजवर साधा पंखासुद्धा त्याच दिवशी मंजूर झालेला नाही. माझं वजन वाढलंय.

५ मार्च
प्रयोग जोरात. सूचना एवढीच की नुसतं उभं राहायचं. मला ते जमत नाही, मी कामाचा माणूस.
आज चौदा नंबर दारात अडून राहिली. मी फक्त हात वर केला. फक्त वर. ती गर्रकन वळली, ओल्या फरशीवर मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि खाली बसली. नखरे.

६ मार्च
उठत नाही. डॉक्टर म्हणाले, कंबर गेली. शिष्या तिच्या डोक्याशी बसून होती.
मी स्वतः बादलीत आंबोण घेऊन गेलो. मला बघितल्यावर ती उठायला लागली. मला आनंद झाला, म्हटलं बघा, उठतेय! पण पुढचेच पाय चालत होते. मागचं अंग ओढत भिंतीपर्यंत सरकत गेली आणि तिथे थरथरत राहिली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बाहेर जा हो." दुपारी शेवटचं इंजेक्शन दिलं.
फरशी बसवणाऱ्याविरुद्ध कडक तक्रार केली आहे.
जेवण गेलं नाही. गोठ्यातला वास कपड्यांना राहतो, त्यामुळे.

२४ मार्च
प्रयोग संपला. आकडेमोड चालू आहे, मला दाखवत नाहीत. निष्पक्षतेसाठी असणार. शिष्येने गाईड बदलला. आता प्रमुखबाई स्वतः. थिसिस माझ्या टेबलावरून उचलून नेला. मुखपृष्ठ वाचून झालं होतं. उत्तम होतं.
बायकोला फोन केला. तिचं बीपी उतरलं, डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. मीठ कमी कर, हे मी किती वर्षं सांगतोय! परत कधी येतेस विचारलं. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, जे चाललंय ते तसंच चालू द्या."

१२ एप्रिल
नवे विभागप्रमुख जाहीर. कुक्कुटपालनवाला. कोंबडीवाला! अभिनंदन करायला गेलो. फार प्रेमाने म्हणाला, तुमच्यासाठी लायब्ररीत खोली बघितली आहे. गोठ्यापासून जितकी लांब मिळाली तितकी. माझ्या लिखाणाची काळजी आहे त्याला.

१९ एप्रिल
आज शिष्येचं सादरीकरण. पहिल्या रांगेत बसलो.
पडद्यावर दोन माणसं: व्यक्ती क आणि व्यक्ती ख. ख जवळ असली की गायींची धडधड वाढते, पान्हा अडतो, दूध कासेत राहतं. ख नसली की थोड्याच दिवसांत सगळं पूर्ववत. आंबोणाचा परिणाम: काही नाही.
शेजारच्याला म्हटलं, ख म्हणजे आमचा गवळी. तेवढ्यात व्हिडिओ लागला. चेहरा झाकलेला होता. पोट माझं होतं. हात वर करताना दिसलो. मग चौदा नंबर. दिवे लागले.
प्रश्न आहेत का, तिने विचारलं. मी उठलो. का उठलो माहीत नाही. विचारलं, ही जी ख व्यक्ती आहे, ती पुढे नीट वागायला लागली, तर गायी विसरतात का?
तिने थिसिसची मागची पानं चाळून पाहिली. चेष्टा करत नव्हती, तिचा तो स्वभावच नाही.
"तपासायचं होतं, सर," ती म्हणाली. "पण तसा दिवस मिळाला नाही."
मागून कुणीतरी मुरघासाच्या चाऱ्याबद्दल विचारलं. ती त्याला उत्तर देऊ लागली. मी अजून उभाच होतो.