स्वयंपाकघरातून जाणारी वाट

कोल्लेव्हेकियो (इटली), फेब्रुवारीअखेर

प्रिय आलेइदाताई,

धाकट्या योस्तचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. मी खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे. आमचं टेबल तुळईला टेकू म्हणून उभं आहे आणि शेजारणीच्या टेबलावर तिनं पास्त्याच्या पोळ्या लाटून वाळत घातल्या आहेत. मी शेजारणीच्या घरी काय करतोय, हे पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? तिकडे हॉलंडात, ग्रोनिंगनला, बर्फ पडलं असेल, तर बाहेर पडताना ती खिळ्यांची पायताणं घालत जा. घालत नाहीस हे मला माहीत आहे.

ईस्टरला येतेस असं तू कळवलंस. तुझं पत्र वाचून तुझ्या भावजयीनं, फेम्केनं, मला मिठी मारली आणि मी खुर्चीत बसलो. इतकी वर्षं मी ‘ये, ये’ म्हणत होतो आणि तू ‘घर आधी पुरं कर, मग येते’ म्हणत होतीस. त्यात माझी फार सोय होती, कारण इथलं घर पुरं होत नसतं. येऊ नकोस, असं मी म्हणत नाही, ताई. सगळी हकीकत ऐक, आणि मग येऊ नये असं तुझं तूच ठरव.

घराच्या मागे एर्सिलियामावशींचं कोंबड्यांचं खुराडं आणि भाजीचा वाफा आहे. मावशी शेजारी राहतात, ऐंशीच्या पुढच्या आहेत, आणि त्यांच्या घरातून खुराड्याकडे जायची वाट आमच्या स्वयंपाकघरातून जाते. पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. घर विकणाऱ्या गृहस्थानं आम्हाला चुलीचं धुराडं, विहिरीचं पाणी, जिन्याखालच्या घुशी असं सगळं दाखवलं, एवढंच सांगायचं राहिलं. पहिल्याच सकाळी मी अर्ध्या चड्डीवर कॉफी करत होतो. दार उघडलं, हातात बादली घेतलेली एक म्हातारी आत आली, म्हणाली, “उठलास का? बरं केलंस,” आणि मागच्या दारानं निघून गेली. वाट चुकली असेल बिचारी, असं मला वाटलं. परत येताना तिनं माझ्या ओट्यावर एक अंडं ठेवलं, तेव्हा कळलं की वाट माझी चुकली होती.

वहिवाट म्हणजे वहिवाट. कागदावर नाही, पण गावातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात ती नकाशासारखी पक्की आहे. मावशी जाता-येता पातेल्याचं झाकण उचलून बघणार. “एवढं मीठ? बायकोला मारायचंय का?” फेम्केला याची मजा वाटते. तिनं मावशींकडून इटालियन शिकून घेतलं, त्यात शिव्याही आल्या. मी मात्र आधीच काळजीचा माणूस (आई म्हणायची, हा पोहायला जाताना छत्री घेऊन जातो). मी रोज पहाटे उठून दाढी करून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा स्वयंपाकघरात मावशींची वाट बघत बसायचो.

यंदा थंडीच्या तोंडावर डोंगरावरून उत्तरेचा वारा सुटला. समोरासमोरची दोन दारं आणि मधे मी. तेव्हा मी एक विचार केला. ताई, मी विचार करतो तेव्हा मला कुणीतरी धरून ठेवायला हवं. मी ठरवलं की मागचं दार बुजवायचं आणि मावशींसाठी घराच्या कडेनं, जिथे तेल साठवायची जुनी खोली होती ती पाडून तिथून, फरशा घालून, कठडा लावून छान वाट काढून द्यायची. गावातला गवंडी ओरेस्ते याला बोलावलं. तो मला जुस्तो म्हणतो, सगळं गावच म्हणतं. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘बरोबर’ असा होतो. (जन्मात पहिल्यांदाच मला कुणी बरोबर म्हणतंय.) ओरेस्तेनं जागा बघितली, मान हलवली, “उद्या सुरू करू,” म्हणाला. इथल्या गवंड्याचा उद्या कधी उजाडेल ते सांगता येत नाही. पण यावेळी माझ्या दुर्दैवानं तो खरंच दुसऱ्या दिवशी हजर झाला.

मावशींना मी अदबीनं सांगायला गेलो. म्हटलं, मावशी, तुमच्यासाठी बाहेरून नवीन वाट करतोय, पायऱ्या चढायला नकोत, काही नको. त्यांनी बादली खाली ठेवली. “म्हणजे मी आता तुझ्या दारातून जायचं नाही?” तसं नाही, म्हटलं, वारा फार येतो. “बरं,” म्हणाल्या. बस्, एवढंच. बादली उचलून गेल्या. मी फेम्केला म्हटलं, बघ, किती समजूतदार बाई. फेम्केनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गळ्याचं बटण काढलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी खुराड्याकडे जायला गावाला वळसा घालू लागल्या. नवी वाट व्हायची होती, जुनी अजून उघडी होती, पण त्या बादली घेऊन चढ उतरून, चर्चसमोरून, बारवरून, पाण्याच्या कुंडाला वळसा घालून मागच्या उतारानं जायच्या. वाटेत प्रत्येकजण विचारणार, मावशी, इकडून कुठे? आणि त्या सांगणार, “परदेशी पाहुण्यांना माझ्या चपला चालत नाहीत.” आठवडाभरात गावानं माझ्याशी बोलणं टाकलं. बारमध्ये मी शिरलो की पत्ते खेळणारे एकदम पत्त्यांत गढून जायचे. पाववाली मला कालचा पाव द्यायची आणि तोही पाठ फिरवून. मला घास गिळवेना. (पाव शिळा होता हेही एक कारण.) फेम्के म्हणे, जाऊन माफी माग. मी गेलो, तर मावशी खिडकीतून, “पाय दुखतात रे माझे, आत्ताच गावभर फिरून आले,” म्हणून खिडकी लावून घेत.

अशात ओरेस्तेनं तेलाच्या खोलीची भिंत पाडली. ती पडली तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. अक्रोड फोडल्यासारखा आवाज झाला आणि ओट्याच्या वर, गिलाव्यात, एक भेग उमटली. आधी केसाएवढी. मी ओरेस्तेला हाक मारली. त्यानं आत येऊन वर बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि सिगारेट पेटवली. ताई, डॉक्टरनं तपासता तपासता सिगारेट पेटवली तर रोग्यानं काय समजायचं?

“काही नाही,” म्हणाला, “घर श्वास घेतंय.”

“आधी घेत नव्हतं का?”

“आधी झोपलं होतं. तू उठवलंस.”

मग त्यानं आमचं जेवायचं टेबल सरकवलं, त्यावर ओकचा ओंडका उभा केला, ओंडका तुळईला भिडवला, पाचर ठोकली आणि टेबलाला थोपटून तो निघाला. कुठे, म्हटलं. तर मेव्हण्याकडे डुक्कर कापायचं होतं. “भिंत थांबेल, जुस्तो. डुक्कर थांबत नाही.” आणि या दिवसांत इथे ज्याच्या त्याच्या मेव्हण्याकडे डुक्कर असतं. मी भिंतीला कान लावून बसायचो. आत धपधप असा आवाज यायचा. फेम्के म्हणायची, तो तुझ्याच नाडीचा. मी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खुणा करायचो आणि मग वाटायचं, खुणा करतानाच मी भिंत दाबली तर नाही ना?

शेवटी नगरपालिकेतून एक तरुण इंजिनियर आला. त्यानं टॉर्च मारला, बोट फिरवलं, ओठ बाहेर काढले आणि म्हणाला, पडेलही, न पडेलही, तोवर यात राहू नका. आणि गेला. गावातली एकुलती खानावळ थंडीत बंद. पावसाची भुरभुर सुरू झालेली. मी आणि फेम्के रस्त्यावर गादी धरून उभे. गाव खिडक्यांतून बघतंय. ताई, सगळं सोडून तुझ्याकडे यावं, तुझ्या गरम खोलीत बसावं, असं त्या क्षणी मला वाटलं. तेवढ्यात वरची खिडकी उघडली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मावशी स्वतःहून बोलल्या.

“अरे पोरा, गादी भिजतेय! अक्कल नाही ती नाही, गादी तरी आत घे!”

अशा रीतीनं आम्ही मावशींच्या घरी आलो. आता इथली रचना ऐक. आम्हाला मिळालेली खोली मागच्या बाजूला आणि संडास पुढच्या बाजूला, आणि मधे मावशींचं शयनगृह. दुसरी वाटच नाही. रोज सकाळी मी दारावर टकटक करून, मान खाली घालून, चोरासारखा मावशींच्या पलंगाला वळसा घालून जातो. मावशी उशांना टेकून जपमाळ ओढत असतात. एक मणी पुढे सरकवून म्हणतात, “जा, जा. मी काय कुणाची वाट अडवत नाही.” रोज. परत येतानाही. पण जेवायला मसूर आणि ताजी सॉसेज वाढतात, फेम्केला नूडल कापायला शिकवतात, आणि माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढताना ‘मीठ कमी आहे, भिऊ नकोस’ म्हणतात. मी ओरेस्तेला निरोप पाठवला की दार बुजवायचं नाही, कधीच नाही. मावशींना सांगितलं, मावशी, चुकलं, तुमची वाट तुमचीच. तर म्हणाल्या, “पडक्या घरातून कोण जाईल? वेडी आहे का मी?” पण दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. मावशींनी बादली उलटी करून डोक्यावर टोपासारखी घातली, दाणे एप्रनच्या ओच्यात घेतले आणि आमच्या स्वयंपाकघरातून, टेबल-ओंडक्याच्या बाजूनं, ताठ मानेनं खुराड्याकडे निघून गेल्या. मला तिथंच भडभडून आलं. पाववालीनं त्या दिवशी ताजा पाव दिला.

पण भिंतीचं काय करायचं? इथे नवं भांडण. ओरेस्ते म्हणतो, भिंत उतरवून नव्यानं बांधू. ती भिंत मावशींची आणि आमची सामाईक. मावशी म्हणतात, माझ्या जिवंतपणी हिला हात लावायचा नाही, भेगेत चुना भरा आणि लोखंडी पट्टीनं आवळा. गावात दोन पक्ष पडले. रविवारी चर्च सुटल्यावर सगळे आमच्या अंगणात जमले. ओरेस्ते म्हणाला, “घर तुझं आहे, जुस्तो, तू बोल.” मावशी म्हणाल्या, “बोल ना, बोल.” भिंत उतरवली तर मावशींचं घर खचायची भीती, न उतरवली तर आमचं. आणि कुणाचंही ऐकलं तरी दुसरा जन्मभर बोलायचा नाही. मग मी काहीतरी बोललो (काय ते महत्त्वाचं नाही), आणि सगळे भांडण सोडून आपापल्या घरी जेवायला गेले.

तेव्हा ताई, अशा अवस्थेत तुला कुठे बोलवू? तुझ्यासाठी वरची खोली मी स्वतः चुन्यानं रंगवली होती. ती भिंतीपासून लांब आहे, खिडकीतून बदामाची झाडं दिसतात, आत्ता फुलावर आलीत. पलंगही तुझ्या मापाचा उंच करून घेतला, गुडघ्याला त्रास नको म्हणून. पण जिथे छताचीच खात्री नाही तिथे फुलं घेऊन काय करायचं? तू पुढच्या वर्षी ये. जपून राहा. फोन वाजला की उचलत जा, निदान मी केलेला तरी.

तुझा काळजीतला भाऊ,
योस्त

ता. क. वरचं सगळं रद्द. ताई, तुला यावंच लागेल. अंगणात मी काय बोललो ते सांगतो. मी म्हणालो, “माझी मोठी बहीण डॉक्टर आहे, ती ईस्टरला येतेय. तडे भरणं, पोकळ्या बुजवणं, हलणारं पक्कं करणं, यातच तिचं आयुष्य गेलंय. ती ठरवेल.” यातला एकही शब्द खोटा नाही. हे सगळं तू माणसांच्या तोंडात केलंस, एवढंच मी बोललो नाही. ओरेस्तेनं टोपी काढली, मावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली, आणि ‘डॉक्टरीणबाई म्हणतील ते’ यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. तू फक्त गंभीर चेहरा करून भिंतीवर टकटक कर, ‘हं’ म्हण आणि मावशींच्या बाजूनं निकाल दे. बाकी मी बघतो.

ता. क. दुसरा, फेम्केकडून. आलेइदावन्सं, हे पोस्टाचं तिकीट आणायला गेलेत, पाकीट उघडं आहे म्हणून लिहून घेते. भेग नखाएवढी आहे आणि तिच्यात आता वाढ नाही. ओरेस्तेनं परवाच, यांची नजर चुकवून, बाहेरच्या बाजूनं लोखंडी पट्टी आवळली. मावशींनी त्याला डुकराची अख्खी मांडी खारवून देण्याचं कबूल केल्यावर त्याचं मत बदललं. यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर हे काळजीला दुसरं काहीतरी शोधतील. आणि तुम्ही इमारतीच्या डॉक्टर आहात यावर इथे कुणाचाही विश्वास नाही. यांचं इटालियन ऐकून सगळे त्याच दुपारी माझ्याकडे विचारायला आले आणि मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून गावात भिंतीचं नावच कुणी काढत नाही. दातांचा डॉक्टर इथून पार खाली सपाटीवर आहे आणि बस धड नाही. मावशींनी खालची कवळी रुमालात गुंडाळून ठेवली आहे, ती टोचते. पाववाली विचारते, डॉक्टरीणबाई रविवारी बघतात का. पाद्रीबाबांनी तर चर्चमागची खोली झाडून घेतली, तिथे उजेड चांगला येतो म्हणून.

वन्सं, रेइंडरभाऊजी गेल्यावर तुम्ही दवाखाना बंद केलात आणि हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलीत, हे मला माहीत आहे. ती उतरवा आणि घेऊन या. ओरेस्तेचा गाल सुजून भोपळा झालाय. खाली जा म्हटलं तर जात नाही, लवंग चावत बसलाय, म्हणतो, आपली डॉक्टरीण येतेय ना.

ईस्टरपर्यंत थांबू नका.