उदक सोडलेली चौकट

मंगला गौरी, काशी
१४ नोव्हेंबर १९९८

चि. निमिषला ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. माकडांनी पुन्हा टेलिफोनची तार तोडली, म्हणून पत्र. बाबांचा गुडघा सुजलाय, तरी घाटावर चौकीवर बसून यजमानांची पूजा सांगणं सुटत नाही. इंदूआत्याने तुझ्यासाठी आवळ्याचा मुरब्बा घातलाय. न्यायला येशील ना?

तुझ्या कंपनीचे कागद वाचले. शब्द फार गुळगुळीत आहेत, रे. आपण दोघांनी कॉम्प्युटरवर देवनागरी चालावी म्हणून सॉफ्टवेअरची चौकट उभी केली, तिच्यावर कुणीही आपापला प्रोग्रॅम बांधावा म्हणून फुकट वाटली. या कागदांप्रमाणे ती यापुढे कंपनीची, कुलूपबंद. बदल्यात मला पगार, तुला बढती. नोकरी सोडून वर्षभर मी हेच काम करतेय, तेव्हा पैशाचं सोंग आणता येत नाही हे मला शिकवू नकोस.

पण हे वर्ष निघालं कशावर, ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. बाबांच्या एक यजमान, कराडच्या सुरेखाबाई, मुलाच्या वर्षश्राद्धाला आल्या होत्या. ऋतुराज कॉम्प्युटर शिकत होता. त्याच्या नावाचा दगड घाटावर बसवायचा होता त्यांना. बाबा म्हणाले, "दगड तर खूब आहेत, बाई. आमची मुलगी विद्येचं काम करते, ते चालवा."

बाईंनी माझा वर्षाचा खर्च दिला, अहिल्याबाई घाटावर रीतसर संकल्प झाला. बाबांनी त्यात पैशाचं नाव घेतलंच नाही. दान चौकटीचंच, असं समजून "ही विद्या ऋतुराजच्या नावे सर्वांना" म्हणत त्यांनी बाईंकडून उदक सोडवून घेतलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

तुझे कागद दाखवले, तर म्हणाले, "दान दिलेली गाय कुणी परत आणून विकतं का, बेटा?" मी खूप भांडले. निमिषने शब्द दिलाय, त्याच्या बायकोला, रुचाला दिवस गेलेत, त्याची नोकरी जाईल, म्हटलं. ते गुडघ्याला तेल चोळत राहिले.

मला न विचारता शब्द दिलासच का? तुझा राग येतो आणि काळजीने झोपही लागत नाही.

काल विद्यापीठात जाऊन वर्षभराचं सगळं काम मी इंटरनेटवर चढवलं. पहिल्या ओळीत ऋतुराजचं नाव आहे. लोकांनी उतरवूनही घेतलं. आता तुझ्या कंपनीने कुलूप लावावं असं काही उरलेलं नाही. कागद सही न करता परत पाठवतेय.

साहेबांना सांग, "यात माझा हात नव्हता, बहिणीने दगा दिला." मी नाही म्हणणार नाही. नोकरी तेवढी वाचव.

तुझी दगाबाज,
ताई